अबोला आणि विजेच्या सुया

अंगात सुया टोचायच्या, त्या सुयांमधून वीज सोडायची आणि त्यानं आजारी माणूस सुधारतो, असं मला कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं असतं. आता सांगणारी मीच आहे. तरी ‘सुयांमुळेच झालं’ असं छातीठोकपणे म्हणायची माझी तयारी नाही. झालं तसं सांगते. त्यात माझी शोभा होणार आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही काशीतले मराठी. म्हणजे हे काशीतले. मी साताऱ्याकडून लग्न होऊन दुर्गाघाटावर आले त्याला चाळीस वर्षं झाली. यांनी रेल्वेत तिकीटखिडकीवर नोकरी केली, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या दुकानातल्या बाकड्यावर पूर्णवेळ रुजू झाले. काम एकच, बोलणं. बनारसी बोली अशी झोकात बोलायचे की इथली जन्मलेली माणसं पोट धरून हसायची. घरात मात्र मराठी, तीही ‘सब्जी आणलीस का’ आणि ‘मला परेशान करू नकोस’ अशा थाटाची. मी चिडायचे. म्हणायचे, “बाहेर सगळ्या गावाला हसवता, आणि मराठी काय फक्त जेवायला आणि भांडायला ठेवलीय का?” त्यावर हे म्हणायचे, “बायकोशी आणखी काय काम असतं?”

त्या पौषातलं भांडणही बोलण्यावरूनच झालं. आमचा मुलगा कानपूरला बँकेत आहे. त्याचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. घरातली गोष्ट घरात राहावी की नाही? यांनी ती बाकड्यावर नेऊन मांडली. संध्याकाळी भाजीवालीनं माझ्या पिशवीत चार वांगी जास्तीची टाकली आणि म्हणाली, “दुख मत करिए, माताजी, दूसरी मिल जाएगी।” माझं डोकं सणकलं. घरी आले आणि ऐन दिवेलागणीला यांना म्हणाले, “तुमच्या तोंडाला एकदाचं कुलूप लागलं ना, की या घराला सुख लागेल!” माझी आई सांगायची, बाई गं, तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. पण जिभेला हाड असतं तर ना! यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आत गेले आणि अबोला सुरू झाला.

आमच्याकडे अबोल्याचे नियम पक्के होते. ज्यानं धरला त्यानं आपणहून मोडायचा नाही. तोवर एकमेकांशी बोलायचं नाही, भिंतीशी बोलायचं. “चहा ठेवलाय म्हणावं.” “कुणाचा तरी चष्मा देवघरात राहिलाय.” यांचा अबोला सहसा सकाळच्या चहापलीकडे टिकत नसे, कारण बोलल्याशिवाय यांना चहाच पचत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठले, आंघोळ केली, पंचा पिळून दोरीवर टाकला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग खिडकीशी जाऊन खुर्चीत बसले, माझ्याकडे पाठ करून. सातच्या सुमाराला मी शेजारच्या स्टुलावर चहा ठेवला आणि भिंतीला तसं सांगितलं. उत्तर नाही. म्हटलं, आज स्वारी जास्तच रुसलीय. पूजा केली. ब्रह्माघाटाच्या बाजूला भाजीला गेले, मुद्दाम रेंगाळले. परत आले तर चहावर जाड साय धरलेली. “काहींना चहासुद्धा जड झालाय म्हणावं,” मी म्हणाले. मान वळली नाही. मला पुन्हा राग आला आणि मी स्वयंपाकाला लागले. वरण झालं, पोळ्या झाल्या. साडेदहाला ताट घ्यायचं म्हणून पहिल्यांदा समोर जाऊन उभी राहिले. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. उजवा हात खुर्चीखाली लोंबत होता. आणि डोळे, देवा, डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच बघत होते.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. शेजारच्या दोघांनी यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून रस्त्यापर्यंत नेलं. मी मागून पळत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आखिरी बार ठीक कब देखा था?”

मी म्हणाले, “रात को। सुबह उठे तो ऐसे ही थे।”

का म्हणाले? नवरा तीन-साडेतीन तास समोर बसलाय आणि बायको भिंतीशी बोलतेय, हे कुठल्या तोंडानं सांगणार? अबोल्याला हिंदीत काय म्हणतात, तेही मला त्या घटकेला आठवेना. भांडण म्हणावं तर मारामारी झाल्यासारखं वाटेल. खोटं बोलणं सोपं होतं. ते मी बोलले.

मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. औषधं सुरू झाली, जीव वाचला. पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डॉक्टर रोज येऊन सांगायचे, “बाबूजी, आँखें बंद कीजिए। बायाँ हाथ उठाइए।” हे नुसते टक लावून बघत राहायचे. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं की यांना बोललेलं समजत नाही. दहा-बारा दिवसांनी आम्ही यांना घरी आणलं. व्यायाम करून घ्यायला रोज एक ताई येऊ लागल्या. त्याही बिचाऱ्या हिंदीतच सांगायच्या आणि मग स्वतःच हात धरून करून घ्यायच्या.

विजेच्या सुयांचं त्यांनीच सांगितलं. भेलूपूरला एक डॉक्टर आहेत, अशा पेशंटांना देतात म्हणून. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, ये करंट-वरंट के चक्कर में मत पड़ो, प्लीज.”

“तू कानपुरात बसून मला चक्कर सांगू नकोस,” मी म्हणाले. “इथे येऊन बापाची लाळ पूस एकदा, मग बोल.” आला हो शनिवारी. यांच्या मोठ्या डॉक्टरांना जाऊन विचारून आला. ते म्हणाले होते, औषधं थांबवायची नाहीत, व्यायाम थांबवायचा नाही. त्याच्या जोडीला करायचं तर करा. मग खुर्चीची एक बाजू त्यानंच धरली.

सुयांचे डॉक्टर पन्नाशीचे, काटकुळे, स्वेटरवर स्वेटर घातलेले. त्यांनी आधीच सांगून टाकलं, “मैं चमत्कार नहीं करता, माताजी।” मेंदूचा जो भाग मेला तो मेला, म्हणाले. पण त्याच्या आजूबाजूचा भाग नुसता दबून बसलेला असतो, त्याला जागं करता आलं तर बघायचं. यावर अभ्यास झालेत, काही चांगलं सांगतात, काही म्हणतात अजून खात्री नाही. मला तो माणूस आवडला. नाहीतर या गावात खात्री देणारे पावलोपावली भेटतात.

सुयांचं पाकीट फोडता फोडता त्यांनी सहज विचारलं, “इंजेक्शन मिला था?”

“कौन सा इंजेक्शन?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. अशा गुठळीत माणूस पहिल्या काही तासांत पोचला, आणि सुरुवात नक्की कधी झाली ते माहीत असलं, तर काहीजणांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. “रात में हुआ हो तो समय का पता नहीं चलता, तब अक्सर नहीं देते,” असं म्हणून ते हात धुवायला गेले. मी भिंतीला धरून उभी राहिले. सात ते साडेदहा. दवाखाना सव्वाअकरा. मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तास लावून बघितले. कदाचित तरीही दिलं नसतं; वय होतं, रक्तदाब होता, कुणास ठाऊक. पण माझ्या त्या एका वाक्यामुळे तो विचारच कुणी केला नव्हता.

त्या दिवसापासून यांनी बोलावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि बोलले तर काय बोलतील याची धास्तीही मलाच होती. कारण मला माहीत होतं आणि यांना माहीत होतं. तिसरं कुणी नव्हतं.

सुया केसासारख्या बारीक. डोक्याला डाव्या बाजूला तीन-चार, उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक, कोपराशी, गुडघ्याखाली. त्यांना बारीक चिमटे लावायचे आणि चिमट्यांच्या तारा एका डब्यात. डबा आपल्या जेवणाच्या डब्याएवढा, त्यावर फिरवायच्या कळा. डॉक्टरांनी कळ फिरवली, दिवा लुकलुकायला लागला आणि दीड महिना मेल्यासारखा पडलेला तो हात उडायला लागला. टिक, टिक, टिक. बोट उडत होतं आणि यांचा चेहरा मात्र ढिम्म. मला ते बघवेना. डॉक्टर म्हणाले, “ये मशीन का हिलना है, इनका नहीं। इनका अपना हिलना बाद में आएगा। आया तो।” मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि पुढे नेहमी तिथेच बसायला लागले.

आठवड्यातून तीनदा जायचं. खुर्ची, गल्ली, मग टोटो म्हणजे ती बॅटरीवरची रिक्षा, मग पुन्हा खुर्ची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “सेवा हो तो ऐसी।” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी नुसती साखर झाले होते. आवाज चढवत नव्हते, भांडी आपटत नव्हते. यांच्याशी बोलायचेही बेताचंच. डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं ना, समजत नाही म्हणून? खरं सांगू, यांना समजत नाही, हे माझ्या सोयीचं होतं. पाणी पाजताना मी ग्लासाकडे बघायचे, डोळ्यांकडे नाही.

सातवी की आठवी वेळ असेल. मी पडद्याबाहेर बसले होते. आतून डॉक्टरांचा आवाज आला, “बाबूजी, आज थोड़ा बढ़ा रहा हूँ। ठीक?”

आणि एक आवाज आला. घोगरा, खोल, विहिरीतून आल्यासारखा. “पुरे.”

“पूरे?” डॉक्टर आनंदानं जवळजवळ ओरडलेच. “अरे वाह, बाबूजी बोले! पूरा तो नहीं, लेकिन लीजिए, थोड़ा और।”

“पुरे! पुरे!”

हा स्वर मला चाळीस वर्षं माहीत होता. मी आग्रहानं भात वाढते आणि हे ताटावर हात आडवा धरतात, तेव्हाचा. मी पडदा ओढून आत घुसले. “बंद कीजिए! बंद कीजिए पहले! वो बस कह रहे हैं! मराठी में पुरे माने बस!”

डॉक्टरांनी झटकन कळ बंद केली. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. हात जोडून म्हणाले, “माफ़ कीजिए, मुझे लगा पूरा चाहिए।” हे बोलले होते, हे तिघांच्याही हळूहळू लक्षात येत होतं. डॉक्टर मला म्हणाले, जरा तुमच्या भाषेत सांगा, डोळे बंद करा म्हणून.

मी म्हणाले, “अहो, डोळे मिटा.” मिटले.

“डावा हात वर करा.” केला.

“जीभ दाखवा.” दाखवली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

डॉक्टर खाली बसले. म्हणाले, दोन भाषा असल्या तर कधी कधी असं होतं, एक जाते आणि एक राहते. म्हणजे अख्ख्या बाकड्याला हसवणारी ती हिंदी गेली होती, आणि माझ्याशी जेवणापुरती, भांडणापुरती वापरलेली भाषा तेवढी राहिली होती. इतके दिवस सगळे यांच्या कानाशी हिंदीत ओरडत होते. डॉक्टरांना, ताईंना समजावं म्हणून चारचौघांत मीही यांच्याशी हिंदीतच बोलायचे. मी तिथेच, सुयांच्या ट्रेशेजारी उभी राहून हमसाहमशी रडले. आनंदानं रडले असं डॉक्टरांना वाटलं. आनंद होताच. पण माझं मराठी यांना पहिल्या दिवसापासून सगळं समजत होतं, हेही मला त्याच क्षणी समजलं होतं.

पुढच्या वेळी गेलो तर डॉक्टरांनी भिंतीवर कागद चिकटवलेला. पुरे म्हणजे बस. दुखतंय म्हणजे दर्द. मुंग्या म्हणजे झुनझुनी. मग कळ फिरवताना विचारायचे, “बाबूजी, मुंग्या आ रही हैं?” हे चिडून मान हलवायचे. ताईंनाही मी मराठीतून सांगायला शिकवलं. एकेक शब्द यायला लागला. पाणी. नको. उशी. फाल्गुनात एक दिवस डबा बंद असताना, चिमटे काढलेले असताना, उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलला. मी डॉक्टरांना विचारलं, हे सुयांनी झालं की व्यायामानं, की दिवस गेले म्हणून? ते म्हणाले, “सच बोलूँ? मालूम नहीं।”

जसजसे शब्द वाढत गेले तशी माझी झोप उडत गेली. रोज वाटायचं, आज म्हणतील. मुलासमोर म्हणतील. शेवटी मलाच ते सहन होईना. चैत्रातली दुपार होती, ऊन गच्चीवरून खाली उतरलं होतं. मी यांच्यासमोर पाटावर बसून उजव्या हाताची बोटं एकेक करून तेलानं चोळत होते. बोटांकडे बघतच म्हणाले, “त्या दिवशी सकाळी मला वाटलं, तुम्ही अबोला धरलाय. म्हणून मी बघितलं नाही. आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं, की रात्रीपासून असं आहे. खरं सांगितलं असतं तर एक इंजेक्शन असतं. कदाचित दिलं असतं.”

मी करंगळीपर्यंत पोचले. मग हे म्हणाले, “ठाऊक.”

मी मान वर केली नाही.

“मी... पण.”

“काय तुम्ही पण?”

यांचं तोंड शब्द जुळवत होतं, जुळत नव्हता. “मुंग्या. हातात. तू... पूजा.”

“मी पूजेला बसले होते तेव्हा मुंग्या आल्या?”

मान हलली. “हाक... नाही... मारली.”

“अहो, कशी माराल? वाचा गेली होती ना तुमची?”

यांनी जोरात मान हलवली. नाही, नाही. पूर्वीसारखे चिडले, माझी अक्कल निघायची तेव्हा चिडायचे तसे. “होती,” हे म्हणाले. “वाचा... होती. तेव्हा. राग. म्हणून.”

मला समजायला थोडा वेळ लागला. देवघर त्या खुर्चीपासून चार पावलांवर आहे. मी तिथे बसून घंटा वाजवत होते. इकडे हात बधिर होत चाललाय हे यांना कळत होतं, घशात आवाज होता, आणि अबोला आपणहून मोडायचा नाही म्हणून या माणसानं मला बोलावलं नाही. मग मी भाजीला गेले. मी रेंगाळत होते तेव्हा केव्हातरी आवाजही गेला.

“मग मारायची ना हाक!” मी ओरडले. “काय झालं असतं? नाक कापलं गेलं असतं तुमचं? अख्ख्या गावाशी बोलता, मुक्या जनावराशी बोलता, आणि मला एक हाक मारवेना तुम्हाला?” त्या सकाळनंतर पहिल्यांदा मी यांच्यावर ओरडत होते. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून डोकावून बघितलं. हे रडत होते, वाकड्या तोंडानं, आणि माझा हात सोडत नव्हते. उजव्या हातानं धरला होता, जेवढा धरता येत होता तेवढा.

“मारा आता,” मी म्हणाले. “आत्ता मारा.”

यांनी श्वास घेतला. ओठ दोनदा उघडले आणि मिटले.

“अ... गं.”

मी यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओ दिली.